एंजिनाच्या जुन्या स्टडांचे आटे : दुरुस्ती कोठवर करावी?

विजेचे पंप पुष्कळ झाले, तरी जेथें वीज पोहोंचत नाहीं किंवा भरंवशाची नाहीं, तेथें विहिरीवरचें डिझेल एंजिन अद्याप उपयोगीं पडतें. अशा एंजिनाचें हेड उतरविल्यावर कांहीं स्टडांचे आटे दबलेले, मोडलेले किंवा गंजलेले आढळतात. अशा वेळीं बहुधा दोनच उपाय केले जातात : एक, नट पान्यानें रेटून बसविणें, दुसरा, स्टडावरून नवी डाय फिरविणें. दोहोंनींही काम उरकल्यासारखें दिसतें. पण उसाच्या पाण्याच्या ऐन पाळींत हेडाखालून दाब गळूं लागला व पाणी सिलिंडरांत उतरलें, म्हणजे या घाईची किंमत कळते. म्हणून कोणता स्टड दुरुस्त करावा, कसा करावा व कोणता टाकून द्यावा, याचा विचार येथें करूं.

स्टडाचें काम काय हें आधीं लक्षांत घेतलें पाहिजे. नट आवळला म्हणजे स्टड किंचित् ताणला जातो, आणि पूर्ववत् आखडण्याच्या त्याच्या ओढीनेंच हेड गॅस्केटवर दाबून राहतें. पान्यावर लावलेल्या जोराचे १०० भाग धरले, तर सुमारें ५० भाग नटाच्या बैठकीच्या घर्षणांत व सुमारें ४० भाग आट्यांच्या घर्षणांत खर्च होतात. स्टड ताणण्यास उरतात ते सुमारें १०. आटे खराब असले कीं घर्षण वाढतें व हे १० भागही घटतात. पाना तर घट्ट लागतो, पण हेड मात्र सैल राहतें. फसगत होते ती येथेंच.

स्टड काढावयाचा असल्यास त्याच्या बुडाशीं आदल्या रात्रीं रॉकेल व तेल सोडावें. सकाळीं त्यावर दोन नट चढवून ते एकमेकांवर आवळावे आणि खालच्या नटाला पाना लावून स्टड उलगडावा. पाइप-पान्याचे दांत स्टडाला लागूं देऊं नयेत. व्हाइसमध्यें धरतांना दोहों बाजूंस तांब्याच्या पत्र्याचे तुकडे घालावे.

नंतर तारेच्या ब्रशानें व रॉकेलानें आटे स्वच्छ करून त्याच जातीचा नवा स्टड शेजारीं घ्यावा. दोहोंचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरावे. एका टोंकाशीं आटे बरोबर बसले व दुसऱ्या टोंकाशीं फट दिसली, तर जुना स्टड ताणून लांबला आहे असें समजावें. मध्येंच बारीक झालेली मान हीही त्याचीच खूण होय. असा स्टड दुरुस्त होत नाहीं.

याच परीक्षेनें आट्यांची जातही कळते. जुन्या ब्रिटिश नमुन्याच्या एंजिनांत व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं मांडलेल्या या पद्धतींत आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. ५/८ इंची व्हिटवर्थ स्टडाला इंचास ११ आटे असतात. त्यावर १६ मिलिमीटरचा मेट्रिक नट एक-दोन फेरे जातो व अडतो, कारण त्याचे आटे २ मिलिमीटर अंतराचे आहेत. तो तसाच रेटला तर दोहोंचेही आटे जातात.

आतां दुरुस्तीचें मुख्य तत्त्व असें कीं, दबलेलें लोखंड जागेवर आणावयाचें, चांगलें लोखंड कापावयाचें नाहीं. नवे आटे पाडण्याची डाय आट्यांच्या चांगल्या बाजूही खरवडते आणि नट सैल होतो. आटे साफ करण्यासाठीं वेगळी सहाकोनी डाय मिळते, ती वापरावी. ती नसल्यास त्याच मापाचा जुना नट करवतीनें उभा कापून दोन अर्ध करावे. ते स्टडाच्या चांगल्या भागावर धरून, तेल सोडून, खराब टोंकाकडे फिरवीत आणावे. चांगले आटे वाट दाखवितात व दबलेले सरळ होतात. केवळ टोंकाचा पहिला आटा ठोकल्यानें दबला असेल, तर बारीक तिकोनी कानस पुरते. मात्र तिची धार ६० अंशांची असल्यानें व्हिटवर्थ आट्यांवर ती अगदीं हलक्या हातानें चालवावी.

शेवटची परीक्षा नव्या नटानें करावी. तो सबंध लांबीभर केवळ बोटांनीं फिरला पाहिजे, आणि कोठेंही डुगडुगतां कामा नये.

ब्लॉकमधील छिद्रही साफ करावें. बंद बुडाच्या छिद्रांत तेल सांचूं देऊं नये. वरून स्टड आवळतांना तेलाला वाट न मिळाल्यास बीड तडकतें. आट्यांना तेल लावून आवळावें कीं कोरडें, हें एंजिनाच्या पुस्तकांत पाहून तसेंच करावें.

आमचें मत असें आहे कीं, झांकणें, सायलेन्सर वगैरेंचे स्टड वरील रीतीनें खुशाल दुरुस्त करावे. हेडाच्या स्टडाचे टोंकाचे एक-दोन आटे दबले असल्यास तेही सुधारावे. परंतु नट जेथें बसतो तेथील आटे तुटले किंवा गंजानें खाल्ले असल्यास तो स्टड टाकून द्यावा. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टाची दुरुस्ती कधींच करूं नये. तो चालत्या एंजिनांत तुटला तर सबंध ब्लॉक फोडतो. बदली स्टड लेथवर साध्या मऊ पोलादाचा करून घेणें हीही खोटी काटकसर होय, कारण हेडाचे स्टड जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाचे असतात. एका स्टडाची किंमत हेडाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. पाळी सुरू होण्यापूर्वींच एंजिन उघडून ही तपासणी केली, तर पीक सुकत असतां मिस्त्रीची वाट पाहण्याची वेळ येणार नाहीं.