खेळाची वर्गणी आणि टिकणारा वर्गणीदार

वर्गणी म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी आहे, वाचनालयाची आहे, आणि पालघर-बोईसरच्या चाकरमान्याच्या खिशात बारा महिने वावरणारा रेल्वेचा पास हीदेखील एक वर्गणीच आहे. आपण तिला त्या नावाने ओळखत नाही, इतकेच. पैसे आगाऊ भरायचे, मुदतीत वाटेल तितक्या वेळा लाभ घ्यायचा आणि मुदत सरली की पुन्हा खिडकीशी उभे राहायचे, हे सारे लक्षण पासाला पुरेपूर लागू पडते. आजचा विषय मात्र सभेतील पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींना नवखा वाटेल. संगणकावर, इंटरनेटच्या द्वारे, देशोदेशींच्या माणसांशी मोटारींच्या शर्यती खेळल्या जातात. त्यांची वर्गणी कशी ठरवतात आणि वर्गणीदार त्या खेळात का टिकतो, हे पाहावयाचे आहे. पासाच्या वाटेने गेलो तर ते लवकर उलगडेल, म्हणून आधी पासाचा हिशेब मांडतो.

मासिक पासाचा दर सुमारे पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका असतो. सात दिवस जाऊन-येऊन चौदा प्रवास होतात. म्हणजे आठव्या दिवशी संध्याकाळी घरी परतताना पासाचे पैसे वसूल झालेले असतात आणि पुढचा सारा महिना फुकटात पडतो. हा पंधराचा आकडा किती नाजूक आहे ते २०१४ च्या जूनमध्ये दिसले. २० जून रोजी जी भाडेवाढ जाहीर झाली तिच्यात पासाचा हिशेब पंधराऐवजी तीस प्रवासांवर करण्याचे ठरले होते. मुंबईच्या सबंध उपनगरी पट्ट्यात असा गहजब झाला की २४ जूनलाच तो बेत मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा अस्तित्वात आला.

याहून एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिमाही पासाला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, सहामाहीला ५.४ पट आणि वार्षिकाला १०.८ पट. भागाकार करून पाहा : तिन्हींत सूट दहा टक्केच निघते. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला तीन महिन्यांचे भरणाऱ्याहून कवडीही अधिक सुटत नाही. कारण उघड आहे. जो पालघरहून चर्चगेटला नोकरीसाठी जातो तो उद्याही जाणार आणि परवाही जाणार. त्याला धरून ठेवण्यासाठी रेल्वेने आमिष दाखवावे कशाला? वर्गणीच्या दरपत्रकात लांब मुदतीची सूट किती आहे ते पाहावे, म्हणजे वर्गणीदार निघून जाईल याची धास्ती मालकाला कितपत आहे, ते कळते.

आता खेळाकडे वळू. ज्याला ‘रेसिंग सिम्युलेटर’ म्हणतात तो खेळ मुले मोबाइलवर खेळतात तसला, गाडी हवेत उडवण्याचा नव्हे. टेबलाला खरे स्टिअरिंग बसवतात, पायाखाली क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असतात. जगातील प्रसिद्ध शर्यतमार्ग लेसरच्या किरणांनी मोजून त्यांतील खाचखळग्यांसकट संगणकात उतरवलेले असतात. ब्रेक दहा हात उशिरा दाबला तर गाडी वळण चुकते. आणि आपल्या पुढे-मागे धावणाऱ्या गाड्यांत त्याच क्षणी कोठे ब्राझीलमधला, कोठे जर्मनीतला जिवंत माणूस बसलेला असतो.

पूर्वी असा खेळ दुकानात खोक्यात विकत मिळे. अमेरिकेतील पपायरस नावाच्या मंडळींनी तसे अनेक खेळ केले. त्यांचा २००३ सालचा नॅस्कार शर्यतींचा खेळ जाणकार अजून वाखाणतात. परंतु खोके एकदा विकले की उत्पन्न थांबते, आणि खेळणाऱ्यांना एकत्र आणणारी यंत्रे चालवण्याचा खर्च थांबत नाही. पपायरसचे डेव्ह केमर यांनी जॉन हेन्री या धनिकाच्या (बोस्टनच्या प्रख्यात बेसबॉल संघाचे हे मालक) साहाय्याने २००४ मध्ये नवी कंपनी काढली आणि २००८ मध्ये ‘आयरेसिंग’ हा खेळ वर्गणी पद्धतीने लोकांना खुला केला.

त्यांचे दरपत्रक अनेक वर्षे असे होते : एका महिन्याला १३ डॉलर, तिमाहीला ३३, वर्षाला ११०, आणि दोन वर्षांना १९९. पासाचीच कसोटी येथे लावू. तिमाहीला सूट पंधरा टक्के, वर्षाला जवळजवळ तीस आणि दोन वर्षांना छत्तीस. मुदत वाढेल तशी सूट वाढत जाते. नव्या माणसाला पहिल्या मुदतीपुरती वेगळी मोठी सवलत अधूनमधून मिळे, ती निराळीच. या मालकाला धास्ती आहे, हे आकडेच सांगतात. करमणुकीसाठी आलेला माणूस कंटाळला की उठून जातो. चर्चगेटच्या नोकरीसारखा दोर त्याच्या गळ्यात नसतो.

मग तो टिकतो कशामुळे? स्वस्ताईमुळे म्हणावे, तर एकदाच पैसे देऊन कायमचे घेता येणारे चांगले खेळ बाजारात आहेत. इटलीतील कुनोस यांचा ‘असेटो कोर्सा’ २०१४ पासून तसाच विकला जातो आणि त्याचे चाहतेही पुष्कळ आहेत. ‘आरफॅक्टर टू’ या दुसऱ्या एका खेळाने इंटरनेटवर खेळण्यासाठी वार्षिक आकार लावून पाहिला आणि पुढे तो सोडून दिला. म्हणजे वर्गणी लावली की लोक टिकतात, असेही नाही. वर्गणीच्या बदल्यात असे काही मिळाले पाहिजे, जे विकत घेऊन घरी ठेवता येत नाही.

ते म्हणजे वेळेवर जमलेली माणसे. आयरेसिंगमध्ये शर्यती घड्याळाच्या ठोक्यावर सुटतात, गाडी फलाटावरून सुटावी तशा. नाव नोंदवणारे पुष्कळ झाले तर कुवतीच्या अंकाप्रमाणे त्यांचे गट पाडतात. त्यामुळे नवशिक्याला नवशिका भेटतो आणि मुरलेल्याला मुरलेला. माणसे जितकी जास्त, तितके गट अधिक जुळते आणि चुरस अधिक खरी. आपल्या गाडीत वर्षानुवर्षे त्याच डब्यात, त्याच दाराशी बसणारी मंडळी असतात, भजनाचे ताल असतात, पत्त्यांचे डाव असतात. फ्लाइंग राणीचे दुमजली डबे २०२३ मध्ये गेले तेव्हा कित्येकांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. १६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली तरी सर्वांनीच काही जुनी गाडी सोडली नाही. वेळापत्रक रेल्वेचे, पण सोबत आपली. खेळातही वर्गणीदार बांधला जातो तो या सोबतीनेच.

ही सोबत सभ्य राहावी म्हणून त्यांनी एक युक्ती केली आहे, आणि माझ्या मते सबंध व्यवस्थेतील अत्यंत हुशारीची गोष्ट तीच. प्रत्येकाला स्वतःच्या खऱ्या नावाने खेळावे लागते. आपल्या पासाच्या ओळखपत्रावर नाव आणि छायाचित्र असते, तसेच. प्रत्येकाला परवाना असतो. तो सर्वांत खालच्या ‘रुकी’ वर्गापासून सुरू होतो आणि डी, सी, बी, ए असा चढत जातो. चाके रस्त्याबाहेर गेली तर एक दोषगुण, गाडीवरचा ताबा सुटला तर दोन, दुसऱ्या गाडीला जोराने धडकलात तर चार. धडक कोणाच्या चुकीने झाली याची चौकशी यंत्र करीत नाही. दोघांच्याही नावावर दोष पडतो. हा अन्याय आहे, अशी तक्रार नवशिके नेहमी करतात. पण त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या चुकीपासूनही दूर राहायला शिकतो, आणि शर्यतीचे सुंदोपसुंदीत रूपांतर होत नाही. दोष कमी ठेवणाऱ्याचा परवाना चढतो, उधळणाऱ्याचा उतरतो. महिनोन्‌महिने सांभाळलेला परवाना टाकून कोणी सहजासहजी उठत नाही.

याखेरीज उपस्थितीचे बक्षीस आहे. वर्षाचे चार हंगाम, प्रत्येक बारा आठवड्यांचा. एखाद्या मालिकेत बारांपैकी आठ आठवडे भाग घेतला की थोडे पैसे खात्यात जमा होतात. एका हंगामाची कमाल मर्यादा दहा डॉलर. जिंकण्याची अट नाही, शेवटचा आलात तरी चालते. हजेरीपट मांडून त्याला पारितोषिक लावण्याचा हा प्रकार शाळामास्तरांना ओळखीचा वाटेल.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीने खऱ्या शर्यती बंद पडल्या, तेव्हा अमेरिकेच्या नॅस्कार संस्थेने २२ मार्चपासून आपल्या व्यावसायिक चालकांना याच खेळात उतरवून शर्यती दूरचित्रवाणीवर दाखवल्या. एका नामवंत चालकाने चिडून मध्येच संगणक बंद केला, तर त्याच्या एका पुरस्कर्त्या कंपनीने त्याची साथ सोडली. खेळ किती ‘खरा’ झाला होता, याचा हा दाखला.

येथवर गुण सांगितले. आता खटकणारी बाजू. वर्गणीत थोड्याच गाड्या आणि थोडेच मार्ग मिळतात. बाकीचे विकत घ्यावे लागतात : गाडीला सुमारे १२ डॉलर, मार्गाला १५ पर्यंत. आणि वर्गणी थांबली की विकत घेतलेली गाडीही चालवता येत नाही. एकट्याने, घरच्या घरी, सरावासाठीसुद्धा नाही. वस्तू खात्यावर दिसते, तिच्यावर कुलूप असते. पुन्हा वर्गणी भरा, कुलूप निघते. आपल्या वाचनालयाची रीत आठवा. तेथे वर्गणी वेगळी, अनामत वेगळी, आणि सभासदत्व सोडणाऱ्याला अनामत मोजून परत मिळते. येथे प्रत्येक खरेदी ही परत न मिळणारी अनामत होते. सोबतीसाठी राहिलेला आणि अडकलेल्या पैशांसाठी राहिलेला असे दोन प्रकारचे वर्गणीदार कंपनीच्या वहीत एकाच रकान्यात दिसतात. परंतु दुसऱ्याला ‘टिकलेला’ म्हणणे मला पटत नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या एखाद्या तरुणाच्या दृष्टीने हिशेब करू. डॉलरला ८५ रुपये धरले, तर वरच्या जुन्या दराने वार्षिक वर्गणी ९,३५० रुपये होते, मासिक १,१०५. भागाकार सांगतो की वर्षात आठ महिने किंवा त्याहून कमी खेळणाऱ्याने महिन्याचीच घ्यावी. नववा महिना लागला की वार्षिक स्वस्त पडते. आठवड्यातून तीन रात्री खेळला तर रात्रीला साठ रुपये पडतात, पंधरवड्यातून एकदा खेळला तर तीनशे साठ. सहा मार्ग आणि एक गाडी घेतली की आणखी साडेआठ हजारांच्या वर गेले; स्टिअरिंग-पायडलचा खर्च वेगळा. म्हणून पहिला हंगाम फुकट मिळणाऱ्या गाड्यांवर काढावा आणि मार्ग घेताना ज्या मालिकेत आठ आठवडे निघतील असे वाटते, तिचेच घ्यावे.

अशा वर्गण्या बहुधा आपोआप नव्या होतात. विसराळूपणावर पोसला जाणारा हा तिसरा वर्गणीदार. त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून, कार्डावरून ठरावीक मुदतीने पैसे वळते होण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने सूचना देणे बंधनकारक झाले. नव्याने संमती लागण्याची मर्यादा आरंभी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० झाली. वरची वार्षिक रक्कम या मर्यादेखाली येते; म्हणजे संमती कोणी विचारणार नाही, सूचना तेवढी येईल. ती वाचावी.

राहता राहिला पाळीचा प्रश्न. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते तेव्हा उन्हाळ्यात जर्मनीत साडेसात वाजलेले असतात आणि तिकडची मंडळी जेवून खेळायला बसतात. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी आलेल्याला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची आदल्या रात्रीची साडेनऊची गर्दी सापडते. बोईसरच्या घड्याळात ज्या वेळी कोणी भेटत नाही, त्या वेळी तेथे मैदान भरलेले असते.