जुन्या संगणकाची नवी लय

आमच्या पारोळ्याच्या घरी माळ्यावर एक काळा कीबोर्ड बरीच वर्षं पडून होता. माझ्या धाकट्या भावानं हौसेनं घेतलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीनं १९८२ साली स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक काढला. १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन त्याचा 'प्लस' नमुना भारतात आणला. पडदा म्हणजे घरचा टीव्ही, आणि साठवण कॅसेटवर. भाऊ आता नाही. त्यानं लिहिलेले प्रोग्रॅम एका कॅसेटवर राहिलेत.

त्याचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो. परवा म्हणाला, "बडे अब्बा, याचा वेग दुप्पट करून दाखवू?"

मी कवितेतला माणूस. मला वेगापेक्षा लय लवकर कळते. त्यानं ती भाषा धरली. या यंत्रात क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला १ कोटी ४० लाख वेळा कंप पावतो. 'यूएलए' नावाची चिप त्याला चारानं भागते, आणि झेड-८० प्रोसेसरला सेकंदाला ३५ लाख ठोके मिळतात. त्या ठोक्यांवर त्याचं काम पुढं सरकतं.

मग जास्त वेगाचा स्फटिक बसवला की झालं? नाही. टीव्हीवरचं चित्रही त्याच स्फटिकावर चालतं. तो बदलला की चित्र कोलमडतं. म्हणून पुतण्यानं प्रोसेसरकडे जाणारी ठोक्यांची वाट तेवढी तोडली आणि त्याला ७० लाख ठोके वेगळे दिले. मूळ प्रोसेसर ४० लाखांसाठीच बनलेला. त्याच्या जागी ८० लाखांना टिकणारा बसवला. आणखी एक अडचण होती. पडद्याचं चित्र ज्या १६ किलोबाइट स्मृतीत असतं, तिथं यूएलए आणि प्रोसेसर दोघांचं येणं-जाणं. तिथं जाताना प्रोसेसरनं जुन्याच लयीत यावं, अशी जोडणी करावी लागली. त्यामुळे वेग वाढला, पण पुरता दुप्पट झाला नाही. रशियातल्या 'स्कॉर्पिअन' या स्पेक्ट्रमच्या भाईबंदात तर अशी ७० लाखांची सोय मुळातच होती.

सगळं जमलं आणि आम्ही भावाची कॅसेट लावली. ती वाचलीच जाईना! माझ्या पोटात गोळा आला. पुतण्या मात्र हसला. कॅसेटवर माहिती लांब-आखूड लाटांत असते. 'एक'ची लाट 'शून्या'च्या दुप्पट लांब. ही लांबी प्रोसेसर आपल्याच ठोक्यांनी मोजतो. ठोके दुप्पट झाल्यावर प्रत्येक शून्य त्याला एक भासणार!

म्हणूनच त्यानं बाजूला एक बटण ठेवलं होतं. जुन्या लयीवर कॅसेट वाचली गेली. प्रोग्रॅम निघाला पाढ्यांचा. उत्तर बरोबर आलं की छोटी धून वाजायची. बटण वर केलं, तर धून निम्म्या वेळात आणि एक सप्तक वर वाजली. आम्ही दोघंही हसलो.

मग पुतण्यानं बटण खाली केलं आणि पुन्हा सात आठे छप्पन्नचं उत्तर दिलं. अब्बांची धून त्याला त्यांच्याच लयीत ऐकायची होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)