रुग्णांसाठी हिरवा विसावा

डायलिसिसच्या रुग्णास आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास यंत्राजवळ पडून राहावे लागते. हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. अशा रुग्णांसाठी आणि बाहेर ताटकळणाऱ्या त्यांच्या आप्तांसाठी रुग्णालयातील छोटीशी बाग ही चैन नव्हे, शुश्रूषेचाच एक भाग होय.

यास शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

बागेची आखणी मात्र रुग्णाची शक्ती ओळखून व्हावी. वाट चाकाची खुर्ची वळेल अशी, दीड मीटर रुंद व न घसरणारी असावी. चढ १२ फुटांस १ फुटाहून अधिक नसावा. बाकांना पाठ आणि हात हवेत, कारण थकलेला माणूस हातांवर भार देऊनच उठतो. तुळस, गवती चहा उंच वाफ्यांत लावल्यास बसल्या जागी पानांना स्पर्श करता येतो. दमेकऱ्यांना त्रासदायक ठरणारी उग्र गंधाची रातराणी आणि विषारी कण्हेर टाळावी. पाणी साचू देऊ नये. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी माती हाताळू नये. सावलीत बसणेही पुरेसे आहे.

झाड लावणे एका दिवसाचे, जोपासणे वर्षभराचे काम. म्हणून दात्यांनी रोपासोबत माळ्याच्या वेतनाचाही विचार करावा, ही नम्र विनंती.