नाकाचं ऑपरेशन : सुट्टी आठवड्याची, शेतकाम मात्र तीन आठवड्यांनी

गावाकडून पुण्यात नाकाच्या ऑपरेशनला जाणारे बरेच जण आतला वाकडा पडदा सरळ करून घेतात. आपल्याकडं त्याला 'नाकाचं हाड वाढलं' म्हणतात. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. त्यामुळं माणसाला वाटतं, झालं काम.

टेबलावरची नोकरी असेल तर साधारण आठवडाभर रजा पुरते. शेतकऱ्याचं तसं नाही. वाकलं, पोतं उचललं, जोर केला की रक्त परत येऊ शकतं. म्हणून दोन-तीन आठवडे हे बंदच. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. मळणीची धूळ आणि फवारणीही लांब.

थांबणं जुन्या काळीही होतंच. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी हा शेतकरी जातीतला, इंग्रज फौजेत बैल हाकणारा. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही रीत छापून आली : पाच-सहा दिवस उताणं झोपायचं, कातडीचा जोड साधारण २५व्या दिवशी कापायचा. ते ऑपरेशन वेगळं आणि मोठं होतं, हे खरं.

तर तारीख घेताना सुगी बघा. धारा कोण काढणार, पाणी कोण धरणार, हे आधीच ठरवा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. घरी आल्यावर रक्त थांबेना किंवा ताप चढला, तर लगेच दवाखाना गाठा.