हृदयाचे कार्य आणि आपली जबाबदारी

मानवी शरीरात हृदयाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. तरीही शाळेत काढलेली हृदयाची आकृती परीक्षेनंतर आपण विसरून जातो आणि छातीत कळ आली की 'गॅस झाला असेल' म्हणून गप्प बसतो. म्हणून सभासदांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा, स्नायूंचा बनलेला पंप होय. छातीत दोन फुप्फुसांच्या मध्ये, किंचित डावीकडे त्याचे स्थान असते. त्याला चार कप्पे असतात. वरची दोन अलिंदे रक्त आत घेतात व खालची दोन निलये ते बाहेर ढकलतात.

शरीरभर फिरून आलेले काळपट लाल रक्त शिरांवाटे उजव्या अलिंदात येते. तेथून ते उजव्या निलयात व पुढे फुप्फुसांत जाते. तेथे कार्बन डाय-ऑक्साइड सोडून व प्राणवायू घेऊन ते डाव्या अलिंदात परतते. मग डावे निलय ते महाधमनीत लोटते. साऱ्या शरीराला रक्त पोचवायचे असल्यामुळे याच कप्प्याची भिंत सर्वांत जाड असते. चार झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. डॉक्टर ऐकतात तो 'लब-डब' आवाज या झडपा मिटण्याचा असतो.

आता थोडा हिशेब करू. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १,०३,६८० ठोके होतात. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ५ लिटर रक्त बाहेर पडते. शरीरात एकूण रक्तही सुमारे ५ लिटरच असते! अर्थात, तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरते. यकृतात रक्त तयार होते व शरीरात जिरते, अशी पूर्वी समजूत होती. इंग्लंडचे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली अशाच हिशेबाच्या आधारे ती खोडून काढली.

सर्वांना रक्त पुरविणाऱ्या हृदयाला मात्र स्वतःसाठी महाधमनीतून निघणाऱ्या दोन बारीक करोनरी धमन्यांवरच अवलंबून राहावे लागते. त्यांच्या आतल्या बाजूस चरबीचा थर साचतो. त्यावर गुठळी होऊन वाट बंद झाली की पुढचा स्नायू मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. मेलेला स्नायू पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून येथे एकेका मिनिटाला मोल आहे.

छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे दुखणे, ती कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ ही लक्षणे ओळखावीत. मधुमेही व स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. अशा वेळी सोडा किंवा ओवा घेऊन वाट पाहू नये. रोग्याला चालवू नये, १०८ वर फोन करावा व ई.सी.जी.ची सोय असलेले रुग्णालय त्वरित गाठावे.

तंबाखू, विडी-सिगारेट वर्ज्य करावी, मीठ बेताने खावे, रोज चालावे व रक्तदाब तपासून घ्यावा. 'उगाच खर्च कशाला' या विचाराने घरातील वडीलधारी माणसे दुखणे अंगावर काढतात. त्यांना त्या क्षणी दवाखान्यात नेण्याचा आग्रह आपल्या विद्यार्थ्यांनी धरला, तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.