सीटवर सांबार सांडलं तर…

कुंभकोणमहून तंजावरला येताना आमच्या गाडीच्या कापडी सीटवर फिल्टर कॉफी सांडली, वर सांबारही! कॉफीत दूध असतं, म्हणून गरम पाणी अजिबात नको. डाग पक्का बसतो. सुती फडक्याने टिपा, घासू नका. मग गार पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून कडेकडून मध्याकडे पुसा. सीट भिजवू नका, आतला फोम ओला राहिला की कुबट वास येतो.

सांबारातली हळद मात्र चिवट. कपड्यांचा साबण लागला की ती लालभडक होते, पण घाबरू नका, तो क्षाराचा परिणाम. स्वच्छ पाण्याने पुसा आणि दार उघडून सीटवर थेट ऊन येऊ द्या. उन्हाने हळदीचा रंग उडतो, आणि तंजावरात उन्हाला काय तोटा! कुठलाही साबण आधी सीटच्या कोपऱ्यात लावून बघा.