उद्याची तारीख

सकाळी 7
दसरा झाला की शिरूर कासारमध्ये वकिलालाही मुकादमाइतकीच घाई. गाड्या भरून माणसं ऊसतोडीला कारखान्यांकडे निघाली, की पक्षकार थेट मार्च-एप्रिलमध्ये दिसतात. मुलीच्या ताब्याचं एक प्रकरण उद्या बीडला आहे. बाप अजून गावात आहे, म्हणून ही तारीख वाया घालवायची नाही. मूल अज्ञान आहे, तेव्हा नाव-गाव लिहीत नाही.

9
आई आणि आजी आल्या. मुलगी आठ वर्षांची. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं, असं 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. तो आधार आम्हाला नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली आता एवढंच बघायचं, की लेकराचं हित कशात आहे. समोरच्याचं म्हणणं, बाई हंगामभर फडावर असते, पोरीकडे बघतं कोण? अहो, नवरा-बायको मिळून एक कोयता! बाई मोळ्या बांधत होती, तेव्हा बाप काय घरी पाढे घेत होता? पण असली चीड कोर्टात कामाची नाही.

11
शाळा. बोनाफाईड मिळालं. मला खरा हवा होता तो गेल्या हंगामाच्या हजेरीचा उतारा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत मुलीचं नाव आहे. जेवण तिथं, झोपायला आजीकडे. आईबाप दोघंही परमुलखात असताना पोरीची शाळा बुडाली नाही, हे त्या उताऱ्यात स्पष्ट दिसतं. माझ्या मते सगळं प्रकरण यावर उभं आहे.

1
झेरॉक्स, पासबुक, शिधापत्रिका. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक लागत नाही, तरी बाईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टॅम्प आणलाच. वकिलाची फी मात्र त्यांना नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही महिलेला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. हे गावोगाव ठाऊक असतं, तर कितीजणींनी बोरमाळ मोडली नसती.

3
उलटतपासाची तयारी. यात जास्त वेळ जातो.

"मह्या लेकराला त्यानं कधी वहीसुद्धा घेतली नाही, हे सांगू का साहेब?"

"विचारलं तर सांगा. सायकल कुणी घेतली?"

बाई गप्प. मग, "त्यानंच."

"तेही सांगायचं. लपवलंत आणि त्यांच्या वकिलानं काढलं, तर बाकीचं खरंही खोटं ठरेल."

उचल किती घेतली, तिनं सांगितलेला आकडा दर वेळी वेगळा. व्यवहार नवरा आणि मुकादम यांच्यात झाला होता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग "मला माहीत नाही" हेच उत्तर.

आजी मधेच म्हणाल्या, "पोरीला काय शिकवून आणू?"

"काहीच नाही. न्यायाधीश तिला एकटीला आत बोलावून विचारतील कदाचित. पढवलेलं लेकरू लगेच ओळखू येतं."

आजींना ते फारसं पटलं नाही.

6
बापाच्या भेटीच्या अटी लिहायला घेतल्या. दिवाळीची सुट्टी दोघांत अर्धी-अर्धी, ही शहरी वाटणी इथं निरुपयोगी. दिवाळीत बाप फडावर असणार. म्हणून हंगामात आठवड्यातून दोनदा फोन, परतल्यावर दर रविवारी भेट आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतला निम्मा काळ त्याच्याकडे. आईनं वाचून घेतलं आणि रविवारला हरकत घेतली, बाजारात तो मुलीला मित्रांच्या हवाली करतो म्हणून. भेट आजीच्या घरी, असं घातलं. बापाच्या वकिलांना मसुदा पाठवला. त्यांना मान्य असेल, तर उद्याच दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करता येईल.